दगडं शिकून काय करशीन व पोरी?

मागच्या वैशाखात मारेगाव तालुक्यातल्या एका गावात बोअर मारायची होती. पाणाड्याला बोलावणं गेलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शिवारातून फिरला. त्याच्यामागे गावचे पुढारी, त्यांच्यामागे बोअरच्या गाडीवाला. नारळ उभा राहिला तिथे चुन्याची फुली पडली. गावातल्या बाया त्या वेळी दोन किलोमीटरवरच्या एका शेतातल्या विहिरीवर गुंड भरत होत्या. पाणी कुठे आहे, कुठल्या विहिरीचं कधी आटतं, कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्या बायांइतकं गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना कोणी विचारलं नाही. तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली. दुसऱ्या दिवशी गाडी निघून गेली आणि बाया पुन्हा त्याच विहिरीवर गेल्या.

त्या गर्दीच्या कडेला एक मुलगी उभी होती. तिचं नाव लिहीत नाही, ते तिचं तिच्यापाशी राहू दे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन ती चांगल्या गुणांनी बी.एस्सी. झाली होती. एका दूरच्या विद्यापीठात तिला भूभौतिकीच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळत होता. भूभौतिकी म्हणजे जमीन न खोदता जमिनीच्या पोटात काय आहे हे शोधण्याचं शास्त्र. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "दगडं शिकून काय करशीन व पोरी?" बाप म्हणाला, "डोंगरात रानात मुक्काम कराव लागते म्हन्ते. कोनाच्या भरवशावर धाडाव?" प्रवेश हुकला.

पण मला आईबापांवर लिहायचं नाही. ती मुलगी माझ्याकडेही आली होती. मी म्हणजे वीस वर्षं बायांच्या संघटनेत काम करणारी, पोरींनी शिकावं म्हणून गावोगाव घसा बसेपर्यंत बोलणारी बाई. मी तिला काय सांगितलं? "बी.एड. कर. जवळ आहे. नोकरीही बरी." आईने जे वऱ्हाडीत सांगितलं तेच मी शुद्ध मराठीत सांगितलं. हा लेख मी माझ्या त्या सल्ल्याविरुद्ध लिहिते आहे.

आपल्या पायाखाली काय आहे?

मारेगाव म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. पण या मातीखाली काय दडलं आहे ते पाहा. वणी-मारेगाव-झरी हा पट्टा भूगर्भशास्त्र शिकणाऱ्याला उघड्या पुस्तकासारखा आहे. वरचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला. झरी तालुक्यात शिबला-पार्डीकडे त्याच बेसॉल्टचे कोनदार खांब उभे आहेत. त्याच्याही आधीचे गोंडवन काळातले वालुकाश्म आणि त्यांच्यात पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा झालेला कोळसा. त्याच्याही आधीचा पैनगंगा खोऱ्यातला चुनखडीचा दगड, शंभर कोटींच्या घरातला. एवढा मोठा काळ वीस-पंचवीस कोसांत पायी फिरून पाहता येतो. बाहेरचे विद्यार्थी हा दगड पाहायला सहली घेऊन येतात. इथल्या मुली त्याच दगडावर धुणं आपटतात.

दगड गरीब नाही, दगडावर राहणारे गरीब आहेत. वणीच्या कोळशासाठी खाणी आल्या, चुनखडीसाठी भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने आले. कुठे खोदायचं, किती खोल जायचं, कुठलं गाव उठवायचं, पाणी कुठे उपसून टाकायचं, या सगळ्याचा उगम एका नकाशात असतो. तो नकाशा भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस काढतो. बहुतेक वेळा पुरुष, बहुतेक वेळा बाहेरचा. जमीन गेल्यावर घरातल्या एकाला नोकरी म्हणतात तेव्हा अर्जावर मुलाचं नाव लिहिलं जातं. ते कोणत्याही कचेरीत ठरत नाही, आपल्याच ओसरीवर ठरतं. आणि खाणीची धूळ मात्र घरातल्या बाईच्या कणकेत पडते.

आता पाण्याचं पाहा. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागात भूजलातल्या फ्लोराइडचा त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. त्यापुढे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, सांधे आखडतात, हाडं वाकतात. हे विष कोणी कालवत नाही. खडकातल्या खनिजांतून ते पाण्यात उतरतं. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात मुरलेलं, तितकं ते वाढण्याचा संभव जास्त. म्हणजे आटत चाललेल्या विहिरींवर उपाय म्हणून खोल बोअर मारायची आणि हातपंप बसवायचा, हा उपायच काही ठिकाणी दुखणं होतो. कुठला खडक, किती खोली, कुठे उथळ विहीर बरी, हे ज्ञान नसेल तर सरकारी हातपंपही घात करू शकतो. डाग पडलेल्या दातांमुळे नाकारलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पाहुण्यांनी मुलगी नाकारली, पण हातपंपाला कोणी जाब विचारला नाही.

त्या गावातल्या तीनशे फूट धुळीकडे पुन्हा येते. जमिनीत चार लोखंडी सळ्या ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, मधल्या दोघींवर दाब मोजायचा. ओला, भेगाळलेला खडक वीज सहज जाऊ देतो, कोरडा अखंड दगड अडवतो. सळ्यांतलं अंतर वाढवत गेलं की अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो. यातही चूक होते, शास्त्र म्हणजे जादू नव्हे. पण का चुकलं ते वहीत तपासता येतं. नारळाला कोण तपासणार? हे मोजमाप करायला पैलवानाचं अंग लागत नाही. गणित लागतं, धीर लागतो, उन्हात चालण्याची सवय लागते. उन्हात चालण्याची सवय आमच्या बायांइतकी कोणाला आहे?

"संरक्षणा"चा इतिहास

बाईने जमिनीच्या पोटात शिरू नये, हा नियम आपल्या परंपरेतून आला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. शंभर वर्षांपूर्वी बंगाल-बिहारच्या कोळसा खाणींतल्या मजुरांमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास बाया होत्या. नवरा कोळसा तोडी, बायको टोपल्यात भरून वाही. त्यांना 'कामिन' म्हणत. १९२९ साली सरकारने नियम करून बायांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी घातली. खाणीतलं काम जिवावरचं होतं, यात शंका नाही. पण ज्या बाईची मजुरी गेली तिच्या हातात त्या बदल्यात काय आलं? खाण तशीच धोक्याची राहिली. पुरुषांसाठीही ती सुरक्षित झाली नाही. फक्त घरातली अर्धी कमाई बुडाली.

आणि गंमत पुढे आहे. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तसं १९४३ मध्ये त्याच सरकारने बंदी उठवली. बायांचं शरीर, मातृत्व, शील, ज्यांची सहा वर्षांपूर्वी एवढी काळजी होती, ते सगळं युद्धाच्या भट्टीला कोळसा हवा म्हटल्यावर विसरलं गेलं. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये बंदी परत आली. 'संरक्षण' या शब्दाचा खरा अर्थ कळायला एवढी तीन सालं पाठ केली तरी पुरे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या खाण कायद्याने कलम ४६ मध्ये तीच बंदी पक्की केली: भूमिगत कामावर बाई नको, आणि जमिनीवरच्या कामावर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात. हा कायदा मजूर बाईपुरता राहिला नाही. जिला खाणीत उतरण्याची मुभा नाही तिला खाण अभियांत्रिकी शिकवायची कशाला, असा सवाल शिक्षणसंस्था करू लागल्या. देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंत्यांपैकी एक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना पदवीच्या प्रवेशासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. वणीपासून नागपूर किती दूर? सकाळची एसटी धरली तर दुपारी पोचतो. आपल्या दारातली ही लढाई आपल्या किती शिबिरांत सांगितली गेली?

२०१९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी बायांना भूमिगत खाणीत जाण्याची वाट उघडली. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी ही खाण अभियंता रुजू झाली. २०२० च्या कामगार संहितेने सर्व आस्थापनांत सर्व कामांवर बायांना घेता येईल असं म्हटलं, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. म्हणजे कायद्याची कडी निघाली. पण २०१९ ची अधिसूचना पुन्हा वाचा. दार कोणासाठी उघडलं? जिच्या हातात पदवी आहे तिच्यासाठी. म्हणून उच्च शिक्षणाचा हा प्रश्न चैनीचा उरलेला नाही. कडी निघालेल्या दाराशी आपल्या पोरी पोचतात की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे.

"फील्डला कसं पाठवायचं?"

भूगर्भशास्त्र वर्गात बसून पुरं होत नाही. डोंगर चढावा लागतो, नदीच्या पात्रातून चालावं लागतं, आठ-पंधरा दिवस बाहेर मुक्काम करावा लागतो. इथेच मुलीचं घोडं अडतं. घर अडवतं, आणि पुष्कळदा विभागही अडवतो. मुली असल्या की जबाबदारी वाढते, वेगळी खोली लागते, संडासाची सोय लागते, त्यापेक्षा जवळची एक दिवसाची सहल काढू, असं म्हणतात. मुलं पंधरा दिवस हिमालयात, मुली एक दिवस गावकुसाबाहेर. मग परीक्षेत विचारायचं, मुलींना नकाशा का काढता येत नाही?

मुक्कामाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बाईला रात्रीची भीती कशाची वाटते हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण जंगलातल्या अस्वलापेक्षा सोबतच्या शिक्षकाची भीती वाटते, हे मुली खाजगीत सांगतात ते आपण ऐकलं आहे. त्यावर उपाय मुलीला घरी ठेवणं हा नाही. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा आणि तिथवरचा प्रवासही कामाच्या ठिकाणात मोडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी तर अभ्यास सहली आणि फील्ड ट्रिप यांनाही शिक्षणसंस्थेच्या आवारात धरलं आहे. म्हणजे डोंगरावरच्या तंबूतही अंतर्गत तक्रार समितीची सत्ता चालते. किती विद्यार्थिनींना हे ठाऊक आहे? सहलीला निघण्याआधी त्यांच्या हातात समितीचा फोन नंबर कोण देतं? हे काम आपलं होतं. आपण ते केलं नाही, कारण भूगर्भशास्त्र शिकणारी मुलगी आपल्या डोळ्यांसमोरच नव्हती.

आणि हे जगभर असंच चाललं. समुद्रतळाचा नकाशा काढणाऱ्या मेरी थार्प यांना अमेरिकेत कित्येक वर्षं संशोधन जहाजावर पाऊल ठेवू दिलं नाही. पुरुषांनी आणलेले आकडे घेऊन त्यांनी टेबलावर बसून समुद्राच्या तळाची दरी शोधली, तर सहकाऱ्याने आधी ती 'बायकी गप्पा' म्हणून झटकली. दरी खरी निघाली. पृथ्वीच्या केंद्रात वेगळा आंतरगाभा आहे हे १९३६ साली भूकंपलहरींच्या नोंदींवरून डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईने दाखवून दिलं. आणि फार लांब कशाला जायचं? नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत १९८३ मध्ये निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेल्या. त्या समुद्रशास्त्रज्ञ. सोबत जादवपूरच्या भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून बर्फाच्या खंडावर पोचलेल्या या पहिल्या बाया. विदर्भात जन्मलेली बाई चाळीस वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाला जाऊन येते आणि आमची पोरगी आजही नागपूरला पाठवायची की नाही यावर घरात तीन रात्री बैठक बसते.

आपल्याच लोकांचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप: गरिबाच्या पोरीला लवकर नोकरी हवी, पाच वर्षं दगडांमागे घालवणं परवडत नाही. बरोबर आहे. पण नोकऱ्या कुठे आहेत तेही बघू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ पासूनची संस्था, तिच्या मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यात. संघ लोकसेवा आयोग भूवैज्ञानिक, भूभौतिकीतज्ज्ञ आणि भूजलतज्ज्ञांसाठी वेगळी परीक्षा घेतो. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत भूगर्भशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आहेत, मुंबईच्या आय.आय.टी.त उपयोजित भूभौतिकी आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला भूभौतिकीचं दार अनेक ठिकाणी उघडं असतं, हे वणी-मारेगावच्या मुलींना कोणी सांगतच नाही. आपण त्यांना फक्त तीन दारं दाखवतो: डी.एड., नर्सिंग आणि लग्न.

दुसरा आक्षेप: आता सरकारने मुलींची फी माफ केली, मग अडचण काय? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं झालं. पण फीच्या पावतीत खोलीभाडं नसतं, मेस नसते, फील्डचे बूट नसतात, होकायंत्र नसतं, सहलीची वर्गणी नसते. कापूस उभा असताना पोरगी घरात नसली तर वेचणीला मजूर लावावा लागतो, तोही खर्च असतो. आणि एवढं करून लोक विचारतात, पोरगी रात्री कुठे झोपते? त्याची माफी कुठल्या शासन निर्णयात आहे?

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड आणि तो आपल्या मनातला आहे. खाणींनी जमीन उजाड केली, गावं उठवली. त्याच खाणींसाठी आपण मुली तयार करायच्या का? एक बाई साहेब होऊन आली म्हणून खाणीखाली गेलेलं गाव परत येणार आहे का? मलाही हा प्रश्न छळतो. पण उलट बाजूने विचारते. जनसुनावणीत कंपनीचा माणूस जाडजूड अहवाल टेबलावर आपटतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याचा सारांश तेवढा आपल्या भाषेत मिळतो, मूळ अहवाल इंग्रजीत. त्यातला भूजलाचा प्रकरणभर मजकूर, आकडे, नकाशे आपल्यापैकी कोण वाचू शकतं? खाणीमुळे आसपासच्या विहिरींची पातळी कुठवर उतरेल हे त्यात लिहिलेलं असतं, आणि कधी कधी लिहिलेलं नसतं. न लिहिलेलं ओळखायला तर दुप्पट शिक्षण लागतं. मारेगाव-झरीकडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथे गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. कोलाम आणि गोंड बाया त्या ग्रामसभेत बसतात. त्यांच्याच घरातली एखादी मुलगी नकाशा उलगडून "हे आपलं झऱ्याचं पाणी इथून तुटेल" असं सांगू शकली तर सभा वेगळी होईल. घोषणा आपल्याला येतात. त्यांच्यामागे मोजमाप उभं करायची वेळ आली आहे. ज्ञान ज्याच्या घरी असतं त्याच्या बाजूने बोलतं, म्हणून ते आपल्या घरी आणायचं.

१९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेला भूकंप झाला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी हादरली आणि हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे काही होत नाही, असं तोवर मानत असत. जमिनीबद्दलच्या अज्ञानाची किंमत कोण मोजतं हे महाराष्ट्राने दोनदा पाहिलं आहे.

मग करायचं काय?

मागण्या मांडते. यांवर मतभेद असतील तर पुढच्या अंकात जरूर लिहा.

१. २०१५ पासून खाणपट्ट्यांतल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत. खाणींकडून येणारा पैसा बाधित भागातलं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला आणि बालकल्याण यांवर खर्चायचा असा नियम आहे. त्यातून वणी, मारेगाव, झरीच्या मुलींना पृथ्वीविज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पूर्ण शिष्यवृत्ती हवी: खोली, जेवण, फील्ड, सगळं धरून. खड्डा आमच्या गावात पडतो, तर शिक्षणही आमच्या पोरींचं व्हायला हवं.

२. विद्यापीठांच्या भूगर्भशास्त्र विभागांनी फील्डच्या मुक्कामात स्त्री शिक्षिका, सुरक्षित खोली आणि संडास यांची सोय लेखी द्यावी. सहलीआधी तक्रार समितीची माहिती प्रत्येकीच्या हातात द्यावी. मुलींसाठी 'सोपी सहल' काढणं बंद करावं.

३. गावात बोअर मारण्याआधी मोजमापाचा अहवाल आणि पाण्याच्या फ्लोराइडची तपासणी महिला ग्रामसभेत वाचून दाखवावी. नारळ देवळात फोडावा.

४. आपल्या संघटनांनी दर शिबिरात एक तास जमिनीला द्यावा. विहिरींची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहिणं हे कुठल्याही बचतगटाला जमेल. उद्याची भूजलतज्ज्ञ त्या वहीतूनच निघेल.

आपण जमिनीला काळी आई म्हणतो. भूमिपूजनाला बाईच्या हातात आरतीचं ताट देतो आणि कुदळ पुरुषाच्या हातात. सातबाऱ्यावर तिचं नाव लावायला आपण भांडलो, अजून भांडतो आहोत. पण सातबारा जमिनीच्या वरच्या थराचा असतो. खालचा कोळसा, चुनखडी, पाणी यांचा हिशोब दुसऱ्याच कागदांवर आहे आणि ते कागद वाचणारी बाई आपल्यात नाही.

त्या मुलीकडे मी मागच्या आठवड्यात गेले होते. बी.एड.चा अर्ज अजून भरलेला नव्हता. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. या वर्षी पुन्हा अर्ज कर, घरच्यांशी मी बोलते, पहिल्या फील्डला मी स्वतः सोबत येते. तिची आई चुलीपाशी बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शिकल्यावर आपल्या गावात पानी कुठी हाये ते सांगशीन काय?"

"सांगन," पोरगी म्हणाली.

"मंग जाय."